उचलू लाग

शाळा सुटून घरी निघालो होतो. कोरेगावपासून आमच्या वाडीकडं जाणारा रस्ता तेव्हा मुरमाचा होता, आणि कडेच्या बांधावर एक बाई उभी होती. पायाशी गवताचा मोठा भारा, भाऱ्यात खोचलेला विळा, हातात फडक्याची चुंबळ. सूर्य जरंडेश्वराच्या मागं उतरत चालला होता. ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. मी दिसताच तिचा चेहरा उजळला.

“आरं बाळा, जरा भारा उचलू लाग की.”

मी दप्तर खाली ठेवलं. तिनं चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि गुडघ्यांत वाकली. एका बाजूनं तिनं हात घातले, दुसऱ्या बाजूनं मी. ओल्या गवताचा वास नाकाशी आला, कुसळं मनगटाला टोचली. “हं” असा एक आवाज तिच्या छातीतून निघाला. त्याच क्षणी सगळं वजन माझ्या हातांत होतं आणि पुढच्या क्षणी नव्हतं. भारा तिच्या डोक्यावर गेला होता. मान ताठ, एक हात भाऱ्याला, दुसरा कमरेला. ती चालूही लागली होती. माझे हात मात्र रिकामे झाल्यामुळं आपोआप थोडे वर तरंगले. ते हलकं होणं मला अजून आठवतं.

तिनं वापरलेलं क्रियापद तेव्हा कानावरून गेलं. त्याची खोली नंतर कळली. ‘उचलू लाग’. पुस्तकी मराठीत ‘तो उचलू लागला’ म्हणजे त्यानं उचलायला सुरुवात केली. आमच्याकडं त्याचा आणखी एक अर्थ, दुसऱ्याला उचलायला मदत केली. दळू लाग, निवडू लाग, ओढू लाग. हात लागला की कामाला सुरुवात होते, असं काहीतरी त्या एका ‘लाग’मध्ये बसलेलं आहे. आणि भाऱ्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं. कितीही ताकदीचा माणूस असला तरी उरावर येईल एवढा भारा त्याला एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. जमिनीपासून डोक्यापर्यंतची ती चार-पाच फुटांची वाट दोघांचीच असते. पुढचे दोन मैल मग एकट्याचे.

इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘लिफ्ट’ शब्द लिहिला आणि अर्थ विचारला, तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरांनी एका सुरात सांगितलं, “पाणी!” सर पुण्याकडचे होते. त्यांनी मान हलवून उंच इमारतीतल्या पाळण्याचं चित्र काढलं. पण पोरांचं चुकलं नव्हतं. कृष्णाकाठच्या गावांत हा शब्द पाळण्याच्या कितीतरी आधी पाण्याबरोबर आला होता. ‘आमचं रान लिफ्टखाली हाय’, ‘लिफ्टची पाळी कधी?’, ‘औंदा लिफ्ट बंद हाय’ ही घरातली वाक्यं होती. कागदावर ती सहकारी उपसा जलसिंचन संस्था असे. नदीकाठी पंपघर, तिथून टेकाडावर चढत गेलेली जाड पाइपलाइन, वर एक हौद आणि हौदापासून उताराला लागलेले पाट. उन्हाळ्यात त्या पाइपवर कान ठेवला की आत पाणी चढताना ऐकू यायचं. उतरणारं पाणी खळखळतं. चढणारं पाणी घुमतं.

आमच्या मुलखाला पाण्याच्या या चढाईचं एवढं अप्रूप का, हे नकाशापेक्षा आकाश बघून लवकर समजतं. श्रावणात महाबळेश्वराकडं काळं, भरलेलं आभाळ दिसतं. आमच्या डोक्यावर येईतो त्याचं पांढरं झालेलं असतं. वर्धनगडाची रांग ओलांडून खटाव-माणात गेलं तर तेही विरून जातं. नदी पश्चिमेकडून येते आणि सखल जागा धरून कऱ्हाड-सांगलीकडं निघून जाते. रानं वर, नदी खाली. त्यामुळं इथल्या माणसाच्या मनात नदी म्हणजे खालून निघून चाललेलं धन असतं. ते वर घ्यायचं कसं, हा विचार त्याला जन्मभर पुरतो.

आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या कठापूरजवळ कृष्णेवर बंधारा आहे. तिथलं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलायचं, बोगद्यानं डोंगरापलीकडं न्यायचं, खटावातल्या नेर तलावात सोडायचं, येरळा वाहती करायची आणि पुढं माणच्या आंधळी धरणापर्यंत पोचवायचं, अशी ती जिहे-कठापूरची योजना. तिला आता गुरुवर्य लक्ष्मणराव इनामदारांचं नाव आहे. सांगलीकडं गेलं की ताकारी, म्हैसाळ, टेंभू. हीही साधी गावांची नावं, पण आटपाडी-कवठेमहांकाळच्या माणसाच्या तोंडी ती देवाच्या नावांसारखी येतात. त्या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्याबरोबर माणसं वर्षानुवर्षं परिषदांना जमली, मोर्च्यांत चालली. पाणी वर चढवण्याआधी ती मागणी वर चढवावी लागली, आणि तीही एकट्यादुकट्याला उचलवणारी नव्हती.

माझ्या आजोबांनी मात्र पाणी बैलांनी उचललेलं होतं. आमच्या जुन्या विहिरीवर मोटेची जागा अजून आहे. दगडी थारोळं फुटलंय, धावेवर बाभळी उगवल्यात. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर लोक बघायला जातात. छत्रपती शाहूंच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत वीरूबाईंनी ती बांधून घेतली. अष्टकोनी, आत महाल, कोरीव दगड. तिच्यासमोर आमची एकमोटी विहीर म्हणजे काहीच नव्हे. पण दोन्हींचं चालणं एकच. चामड्याची मोट, तिला खाली सोंड. जाड नाडा वरच्या चाकावरून, बारीक सोंदूर खालच्या रहाटावरून. मोट बुडून भरली की आजोबा बैलांना हाक द्यायचे आणि स्वतः नाड्यावर बसायचे. बैल धावेवरून खाली चालत जायचे आणि विहिरीतून मोट वर यायची. सोंड थारोळ्यात मोकळी होई, पाणी भसकन पडे. मग बैल पाठमोरे, मागच्या मागं धाव चढत आणि मोट पुन्हा आत उतरे.

लहानपणी हे ऐकताना मला एकच गोष्ट खटकायची. धाव उताराची का? बैलांना सपाटीवर का नाही चालवायचं? आजोबा म्हणायचे, “आरं, बैल खाली गेल्याबिगर पाणी वर येईल का?” बैलांचं स्वतःचं वजन आणि नाड्यावर बसलेल्या माणसाचं वजन, दोन्ही उतारावर कामाला लागायची. पाण्याला वर यायचं म्हणून त्या तिघांना खाली जावं लागायचं. दिवसभरात शेकडो वेळा. संध्याकाळी कुळवाचं काम झालेला बैल आणि मोटेवरचा बैल यांच्या डोळ्यांत फरक असतो, असं ते सांगत. कुळवाचा बैल दमलेला असतो. मोटेचा बैल दमलेला तर असतोच, शिवाय दिवसभर चालून कुठंच न पोचलेला असतो.

मोट गेली आणि इंजिन आलं. ते आणायला फार लांब जावं लागलं नाही. आमच्याच तालुक्यात पाडळीला, रेल्वेमुळं ज्या जागेचं नाव सातारारोड पडलं तिथं, धनजीशा कूपर यांनी 1922 साली कारखाना काढला होता. लोखंडी नांगर, उसाचे चरक आणि पुढं तिशीच्या दशकात डिझेल इंजिन. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पण आमच्या शिवारात त्यांचं नाव त्या पदामुळं नव्हतं. विहिरीच्या काठावर सिमेंटच्या ओट्यावर बसवलेल्या काळ्या यंत्राला लोक नुसतं ‘कूपर’ म्हणत. तिकडं सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीतूनही नांगर आले, पंप आले. दोन्ही कारखाने रुळांच्या कडेला, दोन्हींनी आधी नांगर घडवले, आणि दोन्ही शेवटी पाण्यापाशी पोचले. जमीन उकरून झाल्यावर शेतकऱ्याला पुढं काय लागणार, हे त्या माणसांनी नीट ओळखलं होतं.

इंजिन सुरू करण्याआधी वडील पंपात घागरभर पाणी ओतायचे. पाणी काढण्यासाठी आधी पाणी द्यायचं, हे मला विलक्षण वाटे. खालचा फूटव्हॉल्व्ह गळका असला की ओतलेलं सगळं विहिरीत परत जाई. मग वडील पायऱ्या उतरून आत जात, पाठोपाठ मी. पाण्याची पातळी खूप खाली गेली की पंपच विहिरीत खालच्या ओट्यावर घ्यावा लागे. त्याचं कारण मला पुढं विज्ञानाच्या पुस्तकात सापडलं आणि मी पुस्तक मिटून बसून राहिलो. पंप पाणी ओढतच नाही. तो फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करून जागा करतो. विहिरीतल्या पाण्यावर सगळीकडून हवेचं ओझं असतं, ते ओझं पाण्याला त्या मोकळ्या जागेत दाबून चढवतं. म्हणून 30-32 फुटांपलीकडं कितीही मोठा पंप आणला तरी पाणी नुसतं ओढून चढत नाही आणि प्रत्यक्षात तर त्याच्या कितीतरी आधी दम लागतो. एवढंच आभाळाचं बळ. म्हणजे इथंही कोणीतरी खाली दाबतंय म्हणून पाणी वर येतंय. बैल गेले, पण त्यांची जागा रिकामी राहिली नव्हती. आपल्या डोक्यावर मैलोन्‌मैल उभी असलेली ती न दिसणारी हवा धावेवर उतरली होती.

आजोबा एकदाच पुण्याला माझ्या घरी आले. घर सातव्या मजल्यावर. लिफ्टचं दार बंद झालं, जमीन हलकेच पायांना टेकून वर आली आणि आजोबांनी माझा दंड धरला. सातव्या मजल्यावर उतरल्यावर त्यांनी वळून बंद दाराकडं पाहिलं आणि विचारलं, “आपण वर आलो. खाली कोण गेलं?”

मी त्या लिफ्टमधून रोज चारदा जात होतो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुढं एकदा दुरुस्तीला माणूस आला तेव्हा मी त्याला विचारलं. त्यानं बॅटरीच्या उजेडात मागची भिंत दाखवली. दोन रुळांच्या मध्ये लोखंडी पट्ट्यांची एक चळत टांगलेली होती. काळी, तेलकट, कोणाच्याही नजरेस न पडणारी. पाळणा वर गेला की ती खाली येते, पाळणा खाली आला की ती वर जाते. तिचं वजन पाळणा आणि निम्मी माणसं मिळून होईल एवढं ठेवलेलं असतं, म्हणून वरच्या मोटरला थोडकंच बळ लावावं लागतं. मी फोनवर आजोबांना हे सांगितलं. ते पलीकडून समाधानानं म्हणाले, “मग हाय की बैल.”

सरकारी मराठीत लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात. कचेऱ्यांत दाराशी तशी पाटी असते आणि लोक ती न वाचता बटण दाबतात. पण शब्द चांगला आहे. संस्कृतात उद्वाह म्हणजे लग्न. वर घेऊन जाणं, उचलून नेणं. नवरीला उचलणं आणि माणसांना सातव्या मजल्यावर नेणं, एकाच धातूची दोन रूपं. उचलण्यात नातं जोडलं जातं, हे त्या जुन्या भाषेलाही ठाऊक होतं.

रस्त्यावरच्या लिफ्टमध्येही ते नातं असतं, घटकाभराचं. कोरेगावातून पंढरपूर रस्त्यानं पुसेगावकडं निघालं की फाट्याफाट्यावर हात दिसतात. कॉलेजची पोरं, बाजार उरकलेल्या बायका, कचेरीत खेपा घालून थकलेले म्हातारे. पूर्वी बैलगाडीवाला न विचारताच म्हणायचा, “बसा की, मोकळीच हाय गाडी.” तेव्हा त्याला नाव नव्हतं. मोटारसायकली आल्या आणि ‘लिफ्ट’ मागणं आलं. एकदा वर्धनगडाच्या घाटात मी एका म्हाताऱ्यांना मागं बसवलं. चढ लागला तशी गाडी कण्हू लागली. ते मागून हळूच म्हणाले, “उतरू का? चढाला जड जातंय तिला.” गाडी त्यांची नव्हती, तरी तिचं ओझं त्यांना कळत होतं. बैलगाडीच्या काळात चढ आला की माणसं आपणहून उतरून चालत, त्या सवयीचा तो माणूस. पुढं गडाच्या पायथ्याला ते उतरले आणि त्यांनी माझ्या हातावर दोन पेरू ठेवले. मी नको म्हणालो. ते म्हणाले, “भाडं न्हाय हे.” खरोखरच ते भाडं नव्हतं.

पण ‘उचलणं’ या शब्दाचा एक जड अर्थही आमच्या रानात दर हिवाळ्यात येऊन राहतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बऱ्याचशा बीडकडून. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, दोन जिवांचं नाव एका हत्याराचं. गाव सोडण्याआधी मुकादमानं त्यांना आगाऊ रक्कम दिलेली असते. तिला म्हणतात उचल. ती लग्नात, आजारपणात, छपरात कधीच गेलेली असते. मग हंगामभर तोडायचं ते ती फेडण्यासाठी. थंडीत पहाटे बायका उसाची मोळी डोक्यावर घेऊन तिरप्या लावलेल्या अरुंद फळीवरून ट्रॉलीवर चढताना मी पाहिल्या आहेत. फळी वाकते, पाय चाचपतो, वरचा माणूस हात पुढं करतो. उचल घेतली ती नवऱ्यानं अंगठा उठवून. ती फिटते ती तिच्या मानेवरून.

आणि त्याच उसाच्या बांधावर, त्याच महिन्यांत, शेतकरी ‘पहिली उचल’ किती मिळणार याची चर्चा करत असतो. कारखान्याकडून येणारा उसाच्या दराचा पहिला हप्ता. त्यासाठी आंदोलनं होतात, रस्ते अडतात आणि ती त्याच्या घामाची असते यात शंका नाही. पण एकाच सरीत उभ्या असलेल्या दोन माणसांच्या तोंडी हा शब्द मी ऐकतो तेव्हा अस्वस्थ होतो. पिकवणाऱ्याची उचल म्हणजे येणं, तोडणाऱ्याची उचल म्हणजे देणं. तोच ऊस, तोच शब्द. एकाला तो वर घेतो आणि दुसऱ्याला धावेवर उभा करतो. भाषा एवढ्यावरही थांबलेली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या 1987 सालच्या आत्मकथनाचं नाव ‘उचल्या’ आहे. एका अख्ख्या जमातीला जगानं या क्रियापदानं डागलं आणि त्या डागाखाली दाबून ठेवलं. गायकवाडांनी तोच शब्द पुस्तकाच्या कपाळावर लिहिला.

2016 च्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात उचलण्याची एक वेगळीच रीत पाहिली. पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या तीन तालुक्यांत झाली. वरुड, अंबाजोगाई आणि आमचा कोरेगाव. पहिला क्रमांक आमच्या वेळूला मिळाला. मला त्या बक्षिसापेक्षा टिकाव आणि पाट्यांचं ते दृश्य जास्त आठवतं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात माणसं डोंगरउतारावर चर खणत होती. खणलेली माती पाटीत, पाटी या हातातून त्या हातात. कोणी भारा डोक्यावर घेऊन एकटं चालत नव्हतं. सगळेच उचलू लागत होते. आणि गंमत अशी की हे सगळं पाणी वर चढवण्यासाठी नव्हतंच. पडेल ते पाणी जिथं पडलं तिथंच थांबावं, जमिनीत मुरावं, यासाठी होतं. मग विहिरीतली पातळी आपोआप वर येते. पाण्याला खाली जायला वाट दिली की पाणी वर येतं. आजोबा असते तर त्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

जरंडेश्वराबद्दल आमच्याकडं सांगतात की लक्ष्मणासाठी द्रोणागिरी उचलून नेताना मारुतीच्या हातून जो तुकडा गळून पडला तोच हा डोंगर. म्हणून त्यावर औषधी वनस्पती उगवतात आणि म्हणून माथ्यावर मारुतीचं देऊळ. पायऱ्या चढून वर गेलं की कृष्णेचा पट्टा, कोरेगाव, रेल्वेची रेघ आणि हिरव्या-करड्या रानांची ठिगळं दिसतात. कोणतं रान लिफ्टखाली आहे आणि कोणतं नाही, हे रंगावरून कळतं. त्या माथ्यावर बसलं की मला वाटतं, एवढं ओझं उचलणाऱ्या देवाच्याही हातून काही सांडलं. आपण उभे आहोत ती जमीन म्हणजे ते सांडलेलंच आहे.

मागच्या कार्तिकात गावी गेलो होतो. संध्याकाळी कोरेगावहून गाडीनं परतत होतो. रस्ता आता डांबरी आहे, कडेला पाइपलाइनचे चर बुजवलेले. वळणावर एक बाई हात करून उभी दिसली. मी गाडी थांबवून काच खाली केली आणि म्हणालो, “बसा मावशी, कुठं सोडू?”

“न्हाय दादा,” ती म्हणाली, “बसायचं न्हाय. तेवढा भारा उचलू लाग.”

मी दिवे तसेच ठेवून उतरलो. तिनं चुंबळ बसवली, वाकली. मीही वाकलो, या वयाला जेवढं जमेल तेवढं. ओल्या गवताचा तोच वास आला. भारा वर गेला, ती उजेडाच्या पट्ट्यातून बाहेर पडून अंधारात पायवाटेला लागली. खालच्या अंगाला कुठंतरी लाइट आली असावी. एक मोटर सुरू झाली, पाइपातली हवा दोनदा उसासली, आणि मग बराच वेळ, हात तसेच थोडे वर तरंगत असताना, मी पाणी चढत असल्याचा तो घुमणारा आवाज ऐकत उभा राहिलो.